शस्त्रक्रियेनंतर राखणीच्या कुत्र्याला काय खाऊ घालावे?

धानाच्या लोंब्या भरू लागल्या, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रानडुकरांचे कळप बांधीत उतरू लागतात. जागलीला बसलेल्या माणसाच्या आधी त्यांची चाहूल लागते ती कुत्र्याला. बिबट गावाजवळ आला तर तेही तोच आधी सांगतो. या राखणदारीची किंमतही त्यालाच मोजावी लागते. डुकराच्या सुळ्याने पोट फाटते, मांडी चिरली जाते. डांबरी रस्त्यावर मोटारीखाली पाय मोडतो. कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, तर गर्भाशय काढून टाकावे लागते. नसबंदीची शस्त्रक्रियाही आता खेड्यापर्यंत पोहोचली आहे.

पूर्वी असे कुत्रे नशिबावर सोडून देत. आता शेतकरी त्याला दवाखान्यात नेतात, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र टाके घालून कुत्रे घरी आले, की सर्वांना एकच प्रश्न पडतो: याला आता खायला काय द्यावे? कोणी प्रेमाने मटणाचा रस्सा देतो, कोणी आठ दिवस नुसत्या दुधावर ठेवतो, तर कोणी नेहमीचे उष्टे पुढे टाकून मोकळा होतो. या तिन्ही गोष्टींनी झालेले काम बिघडू शकते. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींसाठी ही माहिती देत आहोत.

दवाखाना दूर, म्हणून घरच्यांची जबाबदारी मोठी

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या भागातील जनावरे तेथे नेली जातात. परंतु सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर आहे. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला, की रस्ता बंद पडण्याचे प्रसंग पावसाळ्यात अनेकदा आलेले आहेत. शहरातील माणूस कुत्र्याला रोज दाखवून आणू शकतो. आपल्याकडे टाके घातल्यावर डॉक्टरांची पुढची भेट बहुधा टाके काढतानाच होते. मधले दहा ते चौदा दिवस कुत्र्याचा डॉक्टर म्हणजे त्याला खाऊ घालणारी घरची व्यक्तीच. त्याने किती खाल्ले, उलटी झाली का, लघवी-शौच कसे आहे, हे तिलाच दिसते.

जखम भरते ती अन्नाने

टाके म्हणजे फाटलेल्या पोत्याच्या दोन कडा जवळ आणून घातलेला दोरा. कडा जवळ राहतात, पण मांस जुळून येण्यासाठी नवा माल लागतो. तो माल म्हणजे मुख्यतः प्रथिने. अंडी, मांस, मासे, दही यांतून ती मिळतात. पोटात पुरेसे अन्न गेले नाही, तर शरीर स्वतःचेच मांस मोडून वापरते. मग कुत्रे वाळते, जखम ओली राहते आणि रोगजंतूंशी लढण्याची ताकद कमी होते.

आपल्याकडे काही घरांत असा समज आहे, की अंडे-मासे उष्ण असतात आणि भाताने जखमेत पू होतो. यात तथ्य नाही. पू होतो तो जखमेत जंतू शिरल्याने. या समजुतीपायी अंडे बंद करणे म्हणजे घर बांधायला काढून विटा देणे बंद करण्यासारखे आहे.

घरी आणल्यावर पहिली रात्र

भूल पुरती उतरेपर्यंत काहीही भरवू नये. अर्धवट गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात दूध किंवा पेज ओतली, तर ती श्वासनळीत जाऊन फुप्फुसाला सूज येते व कुत्रे दगावू शकते. कुत्रे मान उचलून धरते, हाकेला बघते, स्वतःच्या पायावर उभे राहते, तेव्हाच सुरुवात करावी.

प्रथम दोन-चार चमचे स्वच्छ पाणी द्यावे. अर्ध्या तासात उलटी झाली नाही, तर आणखी थोडे द्यावे. त्यानंतर दोन-तीन चमचे भाताची पातळ पेज द्यावी. पहिल्या रात्री एखादी उलटी होणे किंवा खाण्याची इच्छा नसणे हे भुलीमुळे घडू शकते. त्याने घाबरून जाऊ नये. मात्र भांडेभर पाणी एकदम पुढे ठेवू नये. तहानलेले कुत्रे ते घटाघटा पिते आणि ओकून टाकते.

किती द्यावे?

आधी वजन करावे. धान मोजण्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहावे व त्यातून आपले वजन वजा करावे. आपल्या गावठी कुत्र्याचे वजन साधारण १५ ते २० किलो भरते.

१५ किलोच्या कुत्र्याला पडून असताना दिवसाला सुमारे ५३० उष्मांक लागतात. ते पुढीलप्रमाणे भागतात:

तांदूळ ७५ ग्रॅम, भरपूर पाणी घालून मऊ शिजवलेला.
अंडी २, उकडलेली, कुस्करून.
कोंबडीचे मांस ७५ ग्रॅम, शिजवून, कातडी व सर्व हाडे काढून.

मीठ, तिखट, फोडणी काहीही नको. १० किलोच्या कुत्र्याला याच्या पाऊणपट आणि २० किलोच्या कुत्र्याला सव्वापट द्यावे. कोंबडी नसेल तर तिच्या जागी आणखी दोन अंडी चालतात. मामा तलावातील ताजी मासोळी उकडूनही चालते. मात्र एकेक काटा हाताने काढलेला असावा. अंडी-मांस घरात चालत नसेल, तर तेवढ्याच तांदळात धुतलेली मुगाची डाळ ५० ग्रॅम घालून मऊ खिचडी करावी व दिवसभरात पाव किलो ताजे दही द्यावे. यात प्रथिने कमी पडतात, म्हणून ही दुय्यम सोय समजावी. लाखोळी व हरभऱ्याची डाळ पोट फुगवते; ती या दिवसांत टाळावी.

रक्त फार गेले असेल, तर शिजवलेल्या कलेजीचे एक-दोन लहान तुकडे एक दिवसाआड द्यावेत. कलेजीत लोह असते. पण ती जास्त झाली तर शौचाला पातळ होते.

दिवसवार क्रम

पहिला दिवस: वरील मापाचा पाव हिस्सा, चमच्या-चमच्याने, चार-पाच वेळा.

दुसरा दिवस: अर्धा हिस्सा, चार वेळा विभागून.

तिसरा दिवस: पाऊण हिस्सा किंवा उलटी नसल्यास पूर्ण माप, चार वेळा.

चौथा व पाचवा दिवस: पूर्ण माप, तीन वेळा.

सहाव्या दिवसापासून: नेहमीचे अन्न चौथाई मिसळावे, मग निम्मे, मग पाऊण. दहाव्या दिवशी कुत्रे पूर्ववत जेवणावर येते.

नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री दुसऱ्याच दिवशी नीट जेवतात. त्यांच्यासाठी हा क्रम लांबवण्याचे कारण नाही. आठवड्याने पुन्हा वजन करावे. घटले असेल तर माप थोडे वाढवावे.

अन्न कोमट असावे. कोमट अन्नाचा वास सुटतो व रुची येते. पंधरा मिनिटांत खाल्ले नाही तर भांडे उचलावे. पडून राहिलेल्या अन्नावर माश्या येतात, आणि त्याच माश्या जखमेवर बसून अळ्या घालतात. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत सकाळचा भात संध्याकाळी देऊ नये. बासी भात तर मुळीच नको.

पाणी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर लागते. उन्हाळ्यात त्याहून अधिक. पेजेतले पाणीही यात धरावे.

हे पदार्थ वर्ज्य समजावेत

कांदा व लसूण: कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी हा दोष जात नाही, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. जखमी कुत्र्याचे रक्त आधीच गेलेले असते. अशा वेळी कांदा-लसणाचा रस्सा देणे म्हणजे उरलेले रक्तही कमी करणे होय. ताकद यावी म्हणून दिलेला मटणाचा रस्सा म्हणूनच घातक ठरतो.

मनुका व द्राक्षे: अशक्त माणसाला आपण मनुका देतो. कुत्र्याची मात्र त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

शिजवलेली हाडे: त्यांचे टोकदार तुकडे होतात. ते घशात, आतड्यात रुततात.

तूप, तेलकट मांस, तळण: भूक मंदावलेली असताना हे पदार्थ दिल्यास उलट्या होतात व स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

दूध: मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना ते पचत नाही व हगवण लागते. त्यापेक्षा दही किंवा बिनमिठाचे पातळ ताक बरे.

चहा-बिस्किट, चॉकलेट: चहा व चॉकलेट कुत्र्याच्या हृदयाला बाधतात. बिस्किटाने पोट भरते, जखम भरत नाही.

सुकट: तीत मीठ फार असते.

मोहाचा सडवा: परसात किंवा उकिरड्यावर टाकलेला सडवा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. त्यातील मद्य त्याला विषासारखे बाधते.

बकऱ्याची कच्ची आतडी व फुप्फुसे: ही तर धडधाकट कुत्र्यालाही देऊ नयेत. त्यांतून फीतकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून घरात येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. लहान मुलांना हा धोका अधिक.

औषध आणि अन्न

गोळी उकडलेल्या अंड्याच्या किंवा भाताच्या लहानशा गोळ्यात घालून द्यावी. संपूर्ण जेवणात कुस्करू नये. जेवण अर्धे राहिले, तर औषध किती गेले हे कळत नाही. काही प्रतिजैविके दूध-दह्याबरोबर नीट लागू पडत नाहीत. म्हणून गोळी कशाबरोबर द्यायची, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

वेदनेच्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा भरल्या पोटी द्यावयाच्या असतात. कुत्रे जेवतच नसेल, तर गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डांबरासारखे काळे शौच झाले, तर पोटात रक्तस्राव होत असल्याची ती खूण असू शकते. गोळी थांबवून लगेच कळवावे.

घरातली माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलने यकृत, तर आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅकने जठर आणि मूत्रपिंडे खराब होतात. गिधाडांच्या नाशाला कारण ठरलेले औषध हेच डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली सरकारने बंदी घातली.

कोणत्या शस्त्रक्रियेत काय वेगळे?

आतडे शिवले असल्यास: डॉक्टरांनी सांगितलेला क्रमच पाळावा. पूर्वी अशा जनावराला दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी ठेवीत. आता बहुधा पहिल्या दिवसभरातच थोडे पातळ अन्न सुरू करतात, कारण अन्न मिळाले की आतड्याची जखम लवकर सांधते. तिसरा ते पाचवा दिवस मात्र जपण्याचा. टाक्यांतून गळती झाली, तर ती साधारण याच दिवसांत उघड होते. चांगले खाणारे कुत्रे अचानक जेवण सोडते, ओकते, पोटाला हात लावू देत नाही. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

हाड मोडले असल्यास: चुना किंवा कॅल्शियमच्या बाटल्या मनाने पाजू नयेत. वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियम अपायकारक ठरते. हाड जुळायला आठवडे लागतात. तेवढे दिवस वरील भात-अंड्याचेच जेवण चालू ठेवायचे असेल, तर त्यात कॅल्शियम किती घालायचे, हे डॉक्टरांकडून माप घेऊनच ठरवावे.

नसबंदी झाली असल्यास: जखम भरल्यावर अन्नाची गरज पूर्वीपेक्षा पाव हिश्शाने कमी होते. माप तेच ठेवल्यास कुत्रे लठ्ठ होते आणि दोष शस्त्रक्रियेला दिला जातो.

लहान पिल्लू असल्यास: त्याला फार वेळ उपाशी ठेवू नये, रक्तातील साखर उतरून ते गळून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवायचे, हे पिल्लाबाबत मुद्दाम विचारावे.

खात नसेल तर

ओळखीच्या माणसाने जवळ बसून बोटाने थोडे अन्न ओठाला किंवा गालाच्या आत लावावे. चव लागली की पुष्कळ कुत्री चाटू लागतात. तोंड उघडून कोंबू नये. गर्दी, मुले, दुसरी कुत्री यांना दूर ठेवावे. गळ्यात शंकूसारखी पट्टी असेल, तर भांडे दोन विटांवर ठेवावे. जमिनीवरच्या भांड्यापर्यंत त्याचे तोंड पोहोचत नाही आणि आपल्याला वाटते की भूकच नाही. अशी पट्टी नसेल तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडा कापडाने मऊ करून ती गळ्यात अडकवता येते. कुत्र्याची लाळ औषधी असते, हा समज सोडावा. चाटण्याने टाके सुटतात व जखम चिघळते.

पहिले शौच दोन ते चार दिवस झाले नाही तरी चालते. आदल्या दिवसाचा उपवास आणि हलके अन्न यांमुळे पोटात फारसे काही नसते. एरंडेल पाजू नये. लघवी मात्र चोवीस तासांत व्हायलाच हवी.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

१. दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास काहीच खाल्ले नाही, किंवा बारा तास पाणी घेतले नाही.
२. दोनपेक्षा अधिक उलट्या झाल्या, किंवा पोट फुगले.
३. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. हिरड्या काळ्या असल्यास खालची पापणी उलटून आतला रंग पाहावा.
४. टाक्यांतून पू, रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागली.
५. ताप १०३ अंश फॅरनहाईटच्या वर गेला. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ असते, नाक कोरडे की ओले यावरून ताप कळत नाही.
६. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच जागेवर येत नाही, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले आहे.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तेथेही विचारता येते. फोनवर सांगता यावे म्हणून रोजचे खाणे, उलटी, लघवी, शौच यांची नोंद मुलांच्या जुन्या वहीत ठेवावी. “काल सकाळपासून फक्त दोन घास खाल्ले, तीन वेळा ओकले” असे सांगितले, की डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो.

खाऊ घालणाऱ्याने स्वतःला जपावे

दुखणाईत कुत्रे घरच्याही माणसाला चावू शकते. पहिले काही दिवस लहान मुलांच्या हाती भांडे देऊ नये. चावलेच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. कुत्र्याची जखम दुसऱ्या कुत्र्याच्या किंवा रानटी जनावराच्या चाव्याने झाली असेल, तर त्यालाही रेबीजची लस देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

भूक लागलेले कुत्रे घरी राहत नाही

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गावातले कुत्रे सवयीने दहा दारी फिरून पोट भरते. घरी पुरेसे मिळाले नाही, तर शस्त्रक्रियेनंतरही ते हेच करणार. मग उकिरड्यावरचे हाड, कुणाच्या अंगणातले कांद्याचे उष्टे, इतर कुत्र्यांशी भांडण हे सारे आलेच. ताडोबाच्या आसपासच्या गावांत, किंवा जंगलाला लागून असलेल्या कोणत्याही टोल्यावर, लंगडत फिरणारे जखमी कुत्रे बिबट्याला सहज सापडते. आणि कुत्र्याच्या मागे बिबट गावात आला, तर धोका एकट्या कुत्र्यापुरता राहत नाही. म्हणून टाके निघेपर्यंत त्याला ओसरीत बांधून ठेवावे व रात्री आत घ्यावे. खाली तणस घालायचे असेल तर त्यावर धुतलेले पोते किंवा जुने लुगडे अंथरावे, म्हणजे काड्या जखमेला टोचत नाहीत. वेळेवर चार वेळा पोटात पडू लागले, की कुत्रे आपणहून भांड्याजवळ पडून राहते.

टाके निघाले म्हणून त्याच रात्री त्याला जागलीला नेऊ नये. पोट शिवलेल्या कुत्र्याला त्यानंतरही काही आठवडे धावपळ व उड्या वर्ज्य असतात. किती, ते डॉक्टर सांगतील. आणि पुन्हा जागलीला नेले, तरी त्याचे काम भुंकून जागे करण्याचे आहे, डुकराच्या अंगावर जाण्याचे नाही, हे ध्यानात ठेवून त्याला मचाणाजवळच बांधावे.